विश्लेषण : सायकलदुरुस्तीतून नांगराचा कारखाना कसा उभा राहिला? काय होती लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या वर्कशॉपची गोष्ट?

नामपूर असो वा पलूस, बाजारगावातल्या वर्कशॉपची खूण एकच. काळे पडलेले हात, कुलंटच्या वासाची जमीन, लेथखाली साचलेला लोखंडी कीस. विदेशात जुन्या मोटारी खोलून, इंजिन बदलून हौशी मंडळी ‘हॉट रॉड’ गाड्या बनवतात आणि त्या बनवणाऱ्या जुन्या वर्कशॉपच्या आठवणी जिव्हाळ्याने जपतात. आपल्याकडे मोटारीची ती हौस परवडणारी नव्हती. इथल्या कारागिरांचे डोके चालले ते नांगर, मोट आणि कडब्यावर. त्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचे होते, मग यंत्रांकडे कसे वळले?

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्राचा वारसा शून्य. मुलाला चित्रे काढण्याचा आणि वस्तू खोलून पाहण्याचा नाद. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही हे तिथे लक्षात आले. चित्रकाराला हा दोष म्हणजे दार बंद. यांत्रिक आरेखनाला मात्र रंग लागत नाहीत, रेष लागते. ते शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. शिकवण्याचे काम आरेखनाचे असले तरी मन रमायचे ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. यंत्रे हाताळत, परदेशी तांत्रिक मासिके वाचत त्यांनी स्वतःलाच कारागीर बनवले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला पद मिळाले आणि 1897 मध्ये त्यांनी नोकरीवर पाणी सोडले.

बेळगावच्या दुकानात नेमके काय चालायचे?

‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची पाटी 1888 मध्येच लागली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. सायकल तेव्हा श्रीमंतांची चैन होती, त्यामुळे चालवायला शिकवण्याचे पैसे वेगळे मिळत. ज्या रस्त्यावर हा उद्योग होता, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. नोकरी सोडून लक्ष्मणराव आल्यावर दुकानाचे रूपांतर हळूहळू वर्कशॉपमध्ये झाले. पहिले मोठे उत्पादन होते कडबा कापायचे यंत्र. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला की निम्मा तुडवला जातो. बारीक कुट्टी केली की वाया जात नाही. शेतकऱ्याला हे पटायला भाषण लागले नाही.

त्या काळचे वर्कशॉप चालायचे कसे?

प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर ही फार नंतरची गोष्ट. तेव्हा कोपऱ्यात एकच इंजिन असे. ते छताजवळचा लांब शाफ्ट फिरवी आणि शाफ्टवरच्या पुलींवरून चामड्याचे पट्टे खाली लेथ, ड्रिल, सहाणयंत्रापर्यंत येत. वेग बदलायचा तर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवायचा. पट्टा सैल झाला की यंत्र दमायचे, तुटला की सगळ्यांचे काम खोळंबायचे. अनुभवी मिस्त्री आवाजावरून दोष ओळखत. मोजपट्टीपेक्षा कानावर आणि बोटांवर भिस्त असलेली ही कारागिरी पुस्तकात सापडत नाही.

लोखंडी नांगर का विकला जात नव्हता?

1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगराचे वळणदार पाते ती उलथून टाकते, त्यामुळे हरळी-कुंदा मुळासकट वर येतो. फाळ झिजला तर नवा बसवता येतो. ओतशाळेचे कसब इथेच लागते. फाळ मऊ ओतला तर दगडाळ रानात झिजतो, जास्त कडक झाला तर मोडतो. एवढे करूनही गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज घट्ट होता. पहिल्या नांगरांना घर मिळायला दोन वर्षे लागली. हातात भांडवल नसताना तयार माल पडून राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारावे.

माळरानावर कारखाना का हलवावा लागला?

नांगराला जरा बरे दिवस येताहेत तोच बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तार योजनेत गेली. यंत्रे आहेत, माणसे आहेत, छप्पर नाही. मदतीला आले औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी. आधी त्यांनी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम दिले, मग कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन आणि कर्ज. निवडुंग आणि सापांनी भरलेले ते रान होते. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. सोबत आलेले बहुतेक सहकारी पदवीधर नव्हते. शंभुअण्णा जांभेकर इंजिने सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेब, रामुअण्णा वसाहत. पूर्वी शिक्षा भोगलेल्यांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले; त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता. पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारे येईनाशी झाली आणि देशी नांगराची मागणी वाढली, पण कच्चे लोखंड आणि कोळसाही महागला. त्यातून तगून 1920 मध्ये कंपनी मर्यादित झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरांतले मासिक झाले, ही वेगळ्या लेखाची गोष्ट.

पुढे काय झाले?

नांगरानंतर पंप आणि इंजिने आली, मोटेची जागा त्यांनी घेतली. 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिथे लेथ बनू लागले. विलायती लेथवर शिकलेल्या माणसाच्या घरचे लेथ आता इतरांच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. हरिहरचे जुने लेथ मात्र अजून हातोहात विकले जातात. घेणारा आधी बेड किती झिजला आहे ते बोटाने चाचपून पाहतो, मग किंमत विचारतो.