कापडाच्या दुकानातले इमाम

रमजानमध्ये तरावीहच्या नमाजसाठी गावोगावच्या मशिदी भरून जातात. घाटावर ही नमाज बहुतेक ठिकाणी हनफी पद्धतीने होते, कोकणात शाफई पद्धतीने. ज्यांच्यावरून हनफी हे नाव पडले ते इमाम अबू हनीफा (रह.) पेशाने कापडाचे व्यापारी होते, हे मात्र अनेक मुसलमानांच्याही ध्यानात नसते. आज नवा उद्योग काढणारी मुले नेतृत्व, टीम हे शब्द रोज ऐकतात. त्यांनी या दुकानात जरूर डोकवावे.

नोमान बिन साबित हे त्यांचे खरे नाव. जन्म इ.स. ६९९, इराकमधील कुफा शहरात. घराणे अरब नव्हे, इराणकडचे. रेशीममिश्रित कापडाचा त्यांचा व्यापार होता. एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर दिरहम मागितले. माल जास्त किमतीचा आहे, असे गिऱ्हाईक असूनही त्यांनीच तिला सांगितले, आणि शेवटी तो पाचशेला घेतला. भागीदार हफ्स यांना त्यांनी एकदा खोट असलेले कापड दाखवून दिले होते. विकताना खोट सांगायची, एवढीच अट. हफ्स विसरले. गिऱ्हाईक कोण होते तेही आठवेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली, असे चरित्रकार लिहितात.

दुकान सांभाळत ते हम्माद या गुरूंकडे शिकू लागले. काही वर्षांनी त्यांनाही घाई झाली : आता आपली स्वतंत्र मजलिस काढावी. तेवढ्यात हम्माद बाहेरगावी गेले आणि गादी यांच्याकडे सोपवली. त्या काळात लोकांनी साठ प्रश्न विचारले. गुरू परतल्यावर उत्तरे दाखवली, तर वीस उत्तरांवर त्यांचे मत वेगळे निघाले. इमामांनी वेगळे होण्याचा विचार सोडला आणि गुरूंच्या मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. एकूण अठरा वर्षे!

पुढे त्यांची स्वतःची मजलिस बसली, ती मात्र गुरू बोलणार आणि शिष्य लिहून घेणार अशी नव्हती. प्रश्न मांडला जाई, प्रत्येक जण आपले मत देई, वाद कधी कधी दिवसेंदिवस चाले. गुरूंचे मत खोडणारा शिष्य तिथे उद्धट ठरत नसे. आपण बोललेले सगळे लगेच लिहून ठेवू नये, उद्या मत बदलू शकते, अशी ताकीद खुद्द इमामच देत. अबू युसूफ हा गरीब घरचा हुशार मुलगा. घरच्यांनी त्याला कमाईसाठी मजलिसीतून उठवून नेले. जागा रिकामी दिसताच इमामांनी चौकशी केली, हातात शंभर दिरहमची थैली ठेवली, आणि संपले की मागून घे म्हणून बजावले. कापडाचा नफा असा खर्च होत होता.

सत्तेला असा माणूस पदरी हवा असतो. उमय्या राजवटीच्या सुभेदाराने पद देऊ केले. नाकारले म्हणून फटके मारले. ते मक्केला निघून गेले. राजवट बदलली, अब्बासी खलिफा मन्सूरने काझीपद पुढे केले. पुन्हा नकार, या वेळी तुरुंग. इ.स. ७६७ मध्ये बगदादेत त्यांचे निधन झाले.

गुरूंनी जे नाकारले ते शिष्याने स्वीकारले. हारून रशीदच्या काळात अबू युसूफ सर्वोच्च काझी झाले. यात गुरूंशी बेइमानी पाहणारे तेव्हाही असतील. पण मजलिसीतली सवय त्यांनी दरबारातही सोडली नाही. शेत बटाईने देणे इमामांना मान्य नव्हते. अबू युसूफ आणि दुसरे शिष्य इमाम मुहंमद यांनी ते योग्य ठरवले. आजही हनफी पंथ या बाबतीत गुरूंचे नव्हे, शिष्यांचे मत पाळतो.