टाळ-चिपळ्यांचा ख्रिस्तसेवक : रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळक हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे लाल पगडी, उपरणे आणि केसरीचे संपादक उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु महाराष्ट्राला त्याच काळात दुसरेही एक टिळक लाभले. शाळेच्या पुस्तकात ते फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते तापट, लहरी, भोळे आणि हाती पैसा न टिकणारे पती म्हणून ठाऊक असतात. या दोन ओळखींच्या आड त्यांची तिसरी ओळख थोडी झाकली गेली आहे. ती म्हणजे कीर्तनकाराची. आपल्या धर्माचा उपदेश करण्यासाठी त्यांनी परक्याचा बाजा घेतला नाही. टाळ, चिपळ्या, अभंग आणि ओवी हीच आपली साधने मानली, आणि तीच तरुण पिढीच्या हाती दिली. त्या टिळकांचा हा अल्प परिचय.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई भाविक आणि काव्याची आवड असलेली. तिच्या ओव्या-अभंगांचे संस्कार मुलाच्या कानावर लहानपणीच झाले. पण हे सुख फार दिवस लाभले नाही. बालवयातच आईचे छत्र हरपले आणि घराशी असलेला त्यांचा धागा तुटल्यासारखा झाला. शिक्षणासाठी ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे मराठी साहित्यात अमर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक.

विवाह झाला, तरी टिळक एका जागी स्थिरावले नाहीत. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक किंवा वक्ते, असा त्यांचा क्रम होता. नोकरी सुटली याचे दुःख त्यांना कधी झाले नाही. दुःख व्हायचे ते लक्ष्मीबाईंना. अशा भटकंतीत ते नागपूरला आले. तेथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना मिळाला, वेदवाङ्मयाचे काम हाती आले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. जातिभेद मोडल्याशिवाय या देशाला वर येता येणार नाही, आणि जातिभेद मोडील असा धर्म कोठे आहे, या दोन प्रश्नांनी त्या दिवसांत त्यांचे मन व्यापून टाकले होते.

पुढे त्यांना छत्तीसगडातील राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी गोंदियावरून जाते. आज याच गोंदिया स्टेशनात गाडी बदलून प्रवासी उत्तरेला बालाघाट, लामता, नैनपूर असे करीत जबलपूरकडे जातात. टिळकांच्या त्या प्रवासाच्या वेळी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, सातपुड्यातला हा फाटा अजून घातला गेला नव्हता. लामत्याकडच्या आम्हा मराठी मंडळींना मात्र या गोष्टीचे एक वेगळेच अगत्य वाटते. कारण मराठी काव्याच्या इतिहासातील एक मोठे वळण आमच्या उंबरठ्याशी, याच वाटेवरच्या एका डब्यात घडले. गाडीत टिळकांची गाठ एका गोऱ्या मिशनऱ्याशी पडली. काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर झाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने बायबलातील नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. येशूचे डोंगरावरील प्रवचन येईपर्यंत त्यांची वृत्ती पंडिताची होती. तेथून पुढे ती भक्ताची झाली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला या निर्णयाची कल्पना नव्हती. त्या काळी धर्मांतर करणारा मनुष्य आपल्या माणसांना जिवंतपणी मेल्यासारखाच असे. लक्ष्मीबाईंवर जो प्रसंग कोसळला त्याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय येणार नाही. पती जिवंत असून संसार नाही, कपाळी कुंकू असून घर नाही, अशा अवस्थेत त्यांनी चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढली. टिळकांच्या चरित्राचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्यांना जे सापडले त्याची अर्धी किंमत दुसऱ्याच कोणी मोजली होती. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. प्रथम आपले सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. १८३१ पासून तेथे मिशनचे काम चालू होते. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना रेव्हरंड ही पदवी प्राप्त झाली. येथेच त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. देवळात गायिली जाणारी बहुतेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाल विलायती, शब्द मराठी. दोघांची गाठ बळेच मारलेली. अक्षर ओढून ताणून सुरावर बसवावे लागे. ज्या मातीत ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग नांगराच्या मागे चालताना म्हटले जातात, त्या मातीतल्या माणसाच्या काळजाला असली गीते कशी भिडणार? तुकारामाचा हात धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत येऊन पोचलो अशी टिळकांची भावना होती. मग ख्रिस्ताकडे आल्यावर तुकारामाची वाणी टाकून देण्याचे कारण काय, असे त्यांना वाटे.

ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरला टिळकांच्या आधीच पडली होती. १८६० नंतरच्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी तेथे येशूच्या चरित्रावर कीर्तने करून लोकांची मने वेधली होती. टिळकांनी ही वाट रुंद केली. ते स्वतः कीर्तन करीत, आणि कवीची प्रतिभा लाभल्यामुळे पद्यांसाठी त्यांना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत नसे.

कीर्तन ही कला दिसते सोपी, पण तिच्यात नाट्य, संगीत, वक्तृत्व आणि पाठांतर ही चारही अंगे एकाच माणसाला पेलावी लागतात. कीर्तनकार उभा, हातात चिपळ्या, मागे झीलकरी, बाजूस पेटी-तबला. पूर्वरंगात एक अभंग घ्यावयाचा आणि त्याचे निरूपण करावयाचे. मध्ये भजनाचा गजर. आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान लावावयाचे. आख्यानात साकी, दिंडी, आर्या, कटाव यांची पेरणी. एका क्षणी हसवावे, दुसऱ्या क्षणी डोळ्यांना पदर लावावयास लावावा. ख्रिस्ती कीर्तनात हा सारा साचा तसाच राहिला. पूर्वरंगात देवाच्या क्षमेचा विषय आला, आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राची किंवा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आली. ऐकणाऱ्या खेडुताला कथा नवी असली तरी सूर ओळखीचा वाटे, आणि ओळखीच्या सुराबरोबर नवी कथाही त्याच्या घरात शिरे.

आता ही कला कोणाच्या हाती गेली ते पाहिले म्हणजे तिचे खरे मोल कळते. नगरच्या ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरील महार-मांग वस्त्यांतून आलेली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली कित्येक मुले मिशनच्या वसतिगृहांत दाखल झाली होती. टिळकांच्या स्वतःच्या घरातही परक्या मुलांचा राबता कधी तुटला नाही. ज्यांचे वाडवडील देवळाच्या पायरीबाहेर उभे राहून कीर्तन ऐकत, तेही दुरून ऐकू येईल तेवढेच, त्यांची मुले आता शहरात शिकून स्वतः टाळ हाती घेऊन उभी राहू लागली. चोखोबांना महाद्वाराबाहेर थांबावे लागले होते. येथे चोखोबांच्या कुळातला तरुण श्रोत्यांना नमन करून अभंगाला सुरुवात करी. कीर्तनकाराच्या पायी लोक नमस्कार करतात ही आपली रीत आहे. तो मान जातीवरून नव्हे तर कलेवरून आणि भक्तीवरून मिळू शकतो, हे या मुलांनी पाहिले. माझ्या मते टिळकांच्या कार्याचे हेच मर्म आहे. नागपूरला ज्या प्रश्नाने त्यांना झोप येऊ दिली नव्हती, त्याचे एक उत्तर नगरच्या या टाळांत होते.

याचा सर्वांना आनंद झाला असे मात्र नाही. जुन्या मित्रांना वाटे, आमचेच अभंग चोरून हा आमच्याच धर्मावर चालून आला. काही मिशनऱ्यांना वाटे, टाळ आणि गजर यांबरोबर मूर्तिपूजाही मागच्या दाराने देवळात येईल. टिळक दोन्हीकडून बोल खात राहिले. अमेरिकन मिशनऱ्यांपैकी कित्येकांवर त्यांचे मनापासून प्रेम होते, परंतु हिंदी ख्रिस्ती मनुष्याने परकीयांच्या तंत्राने चालावे हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ती झाल्याने आपण देशाचे कमी झालो नाही, हे त्यांच्या देशभक्तिपर कवितांतून वारंवार प्रकट होते.

तरुणांवर माया करताना त्यांनी धर्माची अट घातली नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाची कविता ऐकून सारे थक्क झाले, आणि त्याला बालकवी हे नाव मिळाले. टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी नेले, पोटच्या मुलासारखे वागविले, लिहिते ठेवले. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि टिळकांच्या वात्सल्यात त्यामुळे कधी उणे आले नाही.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभिले, पण थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले; उरलेला मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईला विवाहाच्या वेळी नीट वाचताही येत नव्हते तिने पतीचे महाकाव्य पुरे करावे, यापरते नवल कोणते? १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे भावंडांप्रमाणे एकत्र यावेत असा त्यांचा संकल्प होता. तो रुजण्यापूर्वीच प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. आपला देह पुरू नये, या देशाच्या रीतीप्रमाणे दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्याप्रमाणे झाले. जन्मभर सुरांच्या बाबतीत जो आग्रह धरला तोच त्यांनी मरणातही सोडला नाही.

टिळकांच्या कार्याला मागची आणि पुढचीही परंपरा आहे. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. आपल्या कानडी बांधवांना ज्यांच्या शब्दकोशामुळे किटेल हे नाव परिचित आहे, त्या फर्डिनांड किटेल यांनीही १८६२ साली ‘कथामाले’ या ग्रंथात येशूची कथा कन्नड पद्यात सांगितली. जेथे पुरंदरदासांची पदे घरोघर म्हटली जातात तेथे परक्या चाली का रुजत नाहीत, हे त्यांनाही उमगले असले पाहिजे. अलीकडच्या काळात जॉर्ज प्रोक्ष या जर्मन धर्मगुरूंनी मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून भारतीय संगीत आणि नृत्य यांच्याद्वारे हेच कार्य चालविले. परंतु हे तिघेही बाहेरून आलेले होते. त्यांना आपली कला शिकून घ्यावी लागली. टिळकांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. त्यांना फक्त ती टाकून न देण्याचे धैर्य दाखवावयाचे होते, आणि ते त्यांनी दाखविले.

आजही मराठी ख्रिस्ती देवळांत रविवारी त्यांची पदे गायिली जातात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. विद्यार्थिमित्रहो, आपल्या महाविद्यालयात दोन भाषा आणि अनेक धर्म एकाच छपराखाली नांदतात. स्नेहसंमेलन जवळ आले की गाणे कोणाचे आणि चाल कोणाची यावरून आपल्यातही कुरबुर होतेच. अशा वेळी या दुसऱ्या टिळकांची आठवण व्हावी. मनुष्य धर्म बदलू शकतो, गाव बदलू शकतो. परंतु ज्या सुरात तो रडावयास आणि हसावयास शिकला तो सूर त्याने जपावा, आणि जो कोणी शिकावयास येईल त्याला, त्याची जात न विचारता, तो मोकळ्या हाताने द्यावा.