म्हाइंभटांचे लीळास्मरण

परमार्गात स्मरण ही मुख्यतः एकांतातील साधना मानली आहे. तथापि दोघांचे चित्त एकाच विषयी लागले असता एकाने विचारावे आणि दुसऱ्याने आठवून सांगावे, हेही स्मरणच होय. लीळाचरित्रकार म्हाइंभटांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

म्हाइंभट हे गोदातीरीच्या सराळे गावचे. प्रभाकर मीमांसेचे व्यासंगी, संपन्न आणि विद्येचा मोठा अभिमान बाळगणारे. आपल्या तोडीचा पंडित कोणी उरला नाही, म्हणून ते भर दिवसा दिवट्या लावून हिंडत, अशी कथा परंपरेत सांगतात. डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींकडे ते आले तेही वादात जिंकण्यासाठीच. परंतु तेथे त्यांची विद्या कुंठित झाली. बुद्धीने हार मानली तरी चित्त तत्काळ निवर्तत नाही. घरदार सोडून अनुसरण घडण्यास त्यांना पुढे काळ जावा लागला.

स्वामींनी उत्तरापंथे बीजे केल्यावर भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. तेथे श्रीनागदेवाचार्य नित्य एकांती बसत. आपण कशाचे चिंतन करता, असे म्हाइंभटांनी त्यांना एकदा विचारले. स्वामींच्या लीळांचे, असे कळताच त्यांच्या मनात चिंता उभी राहिली. ज्यांनी स्वामींना पाहिले ते आज आहेत, उद्या नसतील. मग ज्याला सन्निधान लाभले नाही त्या साधकाने आठवावे तरी काय? त्यांनी लीळा लिहून घेण्याची अनुज्ञा मागितली. परंपरेनुसार सहा महिने वाजेश्वरीच्या एकांतात दोघे बसले. आचार्यांनी सांगितले आणि म्हाइंभटांनी लिहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एकट्याच्या स्मरणात स्थळ निसटते, प्रसंगाचा क्रम ढळतो, आणि तसे झाल्याचे स्मरणाऱ्यास कळतही नाही. ही लीळा कोणत्या गावी झाली, जवळ कोण होते, असे दुसऱ्याने विचारले की चित्तास पुनः त्या स्थळी जावे लागते. ज्या तर्काने म्हाइंभटांनी पूर्वी पंडितांना निरुत्तर केले, तोच तर्क आता ऐकण्याच्या सेवेस लागला. महदाइसेच्या जिज्ञासेमुळे स्वामींच्या मुखातून अनेक विषयांचे निरूपण झाले, हेही या संदर्भात आठवावे.

नागदेवाचार्य सर्वच लीळांचे साक्षी नव्हते. म्हणून म्हाइंभट गावोगावी जाऊन ज्याच्या त्याच्याकडून लीळा शोधीत राहिले. एका शेतकरी भक्ताला कामातून सवड नव्हती, तेव्हा शेतात त्याच्यासोबत राहून त्यांनी लीळा विचारून घेतल्या, असे सांगतात. अशा रीतीने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे केशिराजबासांनी सूत्रपाठाची रचना केली ती याच ग्रंथाच्या आधारे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली. तथापि ज्यांनी ती ऐकली, घोकली होती, त्यांच्या आठवणीतून लीळा पुनः लिहिल्या गेल्या. त्यामुळेच आज तिचे भिन्न पाठ आढळतात. पोथी गेली तरी लीळा राहिल्या, कारण त्या एकाच्या चित्तात बंद नव्हत्या. यास्तव साधकाने एकांत अवश्य सेवावा; परंतु ज्येष्ठ अधिकरणाजवळ बसून विचारण्यास संकोच करू नये, आणि विचारले असता सांगण्यास आळस करू नये.