दोन दिवसांत दोन विमान अपघात. अर्नेस्ट हेमिंग्वे कसे वाचले?

'द ओल्ड मॅन अँड द सी'चे लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे (१८९९-१९६१) जानेवारी १९५४मध्ये युगांडात होते. २३ तारखेला त्यांचे छोटे विमान मर्चिसन धबधब्याजवळ तारेला धडकून कोसळले. अवशेष दिसले, माणसे दिसली नाहीत. त्यामुळे त्यांच्या मृत्यूच्या बातम्या जगभर पसरल्या. प्रत्यक्षात ते दुसऱ्या दिवशी बोटीने बुटियाबाला पोहोचले.

तेथील खडबडीत, कच्च्या धावपट्टीवर उड्डाण करतानाच दुसरे विमान आपटून पेटले. अशा पट्टीवर चाके अडखळतात, वेग कमी पडतो. धक्क्याने उसळलेले विमान हवेत टिकत नाही.

दार अडकले होते. हेमिंग्वे यांनी ते डोक्याने धडका देऊन उघडले. जीव वाचला, पण कवटी, यकृत, मूत्रपिंडाला इजा झाली. त्याच वर्षी नोबेल मिळाले, मात्र प्रकृतीमुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. दुखण्यांनी शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.