दुर्दैवी छत्रपती चौथे शिवाजी महाराज

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाने सांगितले. थोरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. पराक्रम, विद्या, दानधर्म यांच्या कथा आपल्याला पाठ असतात. पण ज्याला काही करून दाखवायला आयुष्यच मिळाले नाही, अशा एका राजाची हकीकत मला आज सांगावीशी वाटते. हा राजा आपल्या घाटमाथ्यापलीकडचा, कोल्हापूरचा. अणुस्कुऱ्याच्या वाटेने राजापूर आणि कोल्हापूर यांचे जाणेयेणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, तेव्हा ही गोष्ट काही परक्याची नव्हे.

थोरल्या शिवाजी महाराजांनी १६६१ साली आपल्या राजापुरावर स्वारी केली आणि इथल्या वखारीतल्या इंग्रजांना कैद करून नेले, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर सव्वादोनशे वर्षे होत आली, तेव्हा त्यांच्याच गादीचा आणि त्यांच्याच नावाचा एक तरुण छत्रपती इंग्रजांच्या पहाऱ्यात दिवस काढीत होता. त्याने कोणाची चोरी केली नव्हती की कोणाचा खून केला नव्हता. त्याच्यावर आरोप असा कोणताच नव्हता. त्याचे मन आजारी आहे, एवढेच सरकारचे म्हणणे होते.

या महाराजांचा जन्म १८६३ सालचा. जन्मनाव नारायणराव. कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाला गेले आणि परत येताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघे वीस. त्यांचे दहन तिथेच नदीकाठी झाले आणि त्या जागी आजही त्यांचे स्मारक उभे आहे. पदरी मूलबाळ नव्हते, म्हणून त्यांच्या राणीने १८७१ साली या नारायणरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शिवाजी ठेवले. हेच चौथे शिवाजी महाराज.

आठ वर्षांचे पोर ते! आपल्या घरी आठ वर्षांचा मुलगा सुट्टीत मामाकडे गेला तरी तिसऱ्या रात्री आईची आठवण काढतो. या मुलाने जन्माचे नाव सोडले, जन्मदात्यांचे घर सोडले आणि तो एका मोठ्या राज्याच्या गादीवर जाऊन बसला. राज्यकारभार अर्थातच इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चालला होता. मुलाला शिकवून सवरून सरकारच्या पसंतीचा राजा घडवायचा, असे ठरलेले होते. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले, तेव्हा बारा वर्षांच्या महाराजांना त्यांच्या भेटीस नेण्यात आले. पुढे दिल्लीच्या दरबाराच्या निमित्ताने सरकारकडून किताबही मिळाला. यथाकाल लग्न झाले. राणी आनंदीबाईसाहेब घरात आल्या. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे यथास्थित दिसत होते.

परंतु ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर महाराजांच्या मनाची घडी विस्कटली, असे सरकारी अधिकारी सांगू लागले. प्रजेचा यावर विश्वास बसेना. आमच्या राजाला वेड लागलेले नाही, त्याला छळून वेडा ठरवीत आहेत, असे लोक उघड बोलू लागले. त्या वेळी कोल्हापूरचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे हे होते. लोकांचा सारा रोष त्यांच्यावर वळला.

पुण्यात नुकतीच, १८८१ सालच्या जानेवारीत, केसरी आणि मराठा ही दोन वर्तमानपत्रे निघाली होती. केसरीचे काम आगरकर पाहत, मराठ्याचे टिळक. दोघेही पंचविशीचे. महाराजांच्या छळाच्या बातम्या ऐकून दोघांचे रक्त तापले आणि त्यांनी दिवाणांवर कडक लेख लिहिले. आधारासाठी काही पत्रे त्यांच्या हाती आली होती. दिवाणांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ साली दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला चालू असताना जामिनाची अडचण पडली, तेव्हा महात्मा फुल्यांनी खटपट केली आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशेएक दिवस काढून टिळक आणि आगरकर २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले. त्याच सुमारास त्यांनी शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित हे भाषांतर केले. ते १८८३ साली निघाले. वेडाचे सोंग घेतलेल्या राजपुत्राचे ते नाटक आहे. एका राजाच्या वेडाबद्दल लिहून तुरुंगात गेलेल्या माणसाने नेमके तेच नाटक मराठीत आणावे, याचे मला मोठे नवल वाटते.

संपादक सुटले, पण महाराज काही सुटले नाहीत. १८८२ साली कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट नेमून राज्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. महाराजांना पुढे कोल्हापुरापासून दूर, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. ज्या किल्ल्यात शत्रूला आणि राजबंद्याला ठेवायचे, तिथे एका आजारी मुलाला ठेवले. त्यांच्यावर नजर ठेवायला गोरे शिपाई होते. त्यांच्यापैकी ग्रीन नावाच्या शिपायाशी झालेल्या झटापटीत २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराजांचा अंत झाला. तो नाताळचा दिवस होता. त्यांचेही वय अवघे वीसच. राजाराम महाराज गेले तेव्हाही वय वीस आणि हे गेले तेव्हाही वीस. कोल्हापूरच्या लोकांनी तेरा वर्षांत दोन तरुण राजे गमावले, आणि दोघेही आपल्या माणसांपासून दूर गेले.

आनंदीबाईसाहेबांच्या वाट्याला कोवळ्या वयात वैधव्य आले. पण त्या माउलीने गादी रिकामी राहू दिली नाही. १७ मार्च १८८४ रोजी त्यांनी जयसिंगराव घाटग्यांचे दहा वर्षांचेही नसलेले चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. त्यांनी पुढे किती कामे केली, किती गोरगरिबांची पोरे शिकवली, हे मी सांगायला नको. चौथ्या शिवाजी महाराजांच्या चरित्राचा शेवट काळाकुट्ट असला, तरी त्यांच्या घरातून पुढे असा उजेड पडला.

आता कोणी म्हणेल, महाराज खरोखर वेडे होते की त्यांना वेडे ठरवले, हे आधी सांगा. माझ्या मते दोन्हीपैकी काहीही धरले तरी अन्याय सारखाच. ते शहाणे होते म्हणावे, तर त्यांना किल्ल्यात घालणे हा अन्याय. आणि ते आजारी होते म्हणावे, तर आजाऱ्याला रात्रंदिवस शिपायाच्या हाती देणे हाही अन्यायच. शिपायाला शिकवलेले काय असते? पहारा करायचा, पळू द्यायचे नाही, कोणी अंगावर आला तर त्याला आवरायचे. बिथरलेल्या माणसाला शांत कसे करावे, त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलावे, त्याच्यापासून केव्हा दूर व्हावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्या ग्रीनलाही नसणार. म्हणून मी दोष एकट्या शिपायाला देत नाही. ज्यांनी दवाखान्याचे काम पहाऱ्यावर सोपवले, त्यांना देते.

राजाची ही गत, तर गोरगरिबाची काय असेल! आपल्या खेड्यापाड्यांत आजही एखाद्याचे डोके फिरले, की आधी देवाला कौल लावतात. मग भगताकडे नेतात. मग दाव्याने खांबाला बांधतात. त्यानेही भागले नाही आणि त्याने कोणावर कोयता उगारला, की पोलिसांना बोलावतात. म्हणजे डॉक्टरची आठवण सर्वांत शेवटी, आणि तोवर तो माणूस रोगी राहिलेला नसतो, आरोपी झालेला असतो. शिवाय कित्येक जण तुरुंगात धडधाकट जातात आणि एकांताने, काळजीने, घरची वाट पाहून तिथे त्यांचे मन बिघडते.

कायद्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा धरू नये, असे १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्या २२ व्या कलमात तेच तत्त्व आहे. महाराज गेल्यावर तीनच वर्षांनी, १८८६ साली, आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीचे मनोरुग्णालय सुरू झाले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी ही आपल्या राज्याची चार जुनी रुग्णालये. आपण मात्र रत्नागिरीला पाठवा हे शब्द चेष्टेत वापरतो. ज्या घरातले माणूस खरोखर तिथे बरे होऊन आले, त्या घरातल्या बाईला ती चेष्टा किती लागत असेल, याचा विचार करावा.

कायदा होता, रुग्णालये होती, तरी गुन्हा न केलेले मनोरुग्ण देशात कित्येक ठिकाणी तुरुंगात ठेवलेले असत. शीला बारसे या मुंबईच्या महिला पत्रकाराने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९९३ साली न्यायालयाने असे ठेवणे बेकायदा आणि घटनेविरुद्ध आहे, असा निकाल दिला. अहमदनगरच्या किल्ल्यातील त्या प्रकाराला एकशेदहा वर्षे झाल्यावर!

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याच्याही पुढे गेला. रस्त्यात भरकटलेला रुग्ण पोलिसांना सापडला, तर त्यांनी त्याला फार तर चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवायचे, कोठडीत मुळीच ठेवायचे नाही. तुरुंगातला कैदी मनाने आजारी पडला, तर त्याला तिथल्या दवाखान्याच्या मनोरुग्ण कक्षात ठेवायचे, आणि तशी सोय नसेल तर मनोरुग्णालयात हलवायचे. दर राज्यात निदान एका तुरुंगात तरी अशा उपचारांची सोय हवी. तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी कैद्यांविषयी मंडळाला कळवायचे. जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न समजता तो मोठ्या ताणाखाली होता असे धरायचे, हेही याच कायद्यात आहे. थोडक्यात, पोलीस, न्यायाधीश, तुरुंग आणि डॉक्टर यांनी एकमेकांचा हात धरून चालायचे.

पण कागदावरचा कायदा आपणहून चालत घरी येत नाही. पोलिसाला हा माणूस आजारी आहे हे सांगायला कोणीतरी लागते, आणि ते घरच्या बाईलाच आधी माहीत असते. झोप कधी उडाली, जेवण कधी सुटले, गोळ्या कधी बंद केल्या, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवू या. घरात असे दुखणे असेल तर दवाखान्याचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. माणसाला पोलिसांनी नेलेच, तर तेच कागद घेऊन लगेच ठाण्यात जावे आणि आजाराची गोष्ट लेखी द्यावी. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. बायकांना, मनोरुग्णांना आणि कोठडीतल्या माणसाला सरकारतर्फे फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी विधी सेवा समिती असते. नुसता सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा फुकट आहे.

चौथी गोष्ट आपल्या मनाची. बरा होऊन आलेल्या माणसाला हळदीकुंकवाच्या बैठकीत नावे ठेवू नयेत. तुरुंगातून किंवा रुग्णालयातून सुटून आलेल्याला घराचे दार बंद मिळाले, तर कायद्याने आणि डॉक्टराने केलेले सगळे फुकट जाते.

कोल्हापूरच्या त्या वीस वर्षांच्या छत्रपतीजवळ शेवटच्या घडीला ना आई होती, ना राणी, ना प्रजा. राजवैभव असून त्याला मायेने धरून ठेवणारा हात मिळाला नाही. आपल्या तालुक्यातल्या कोणाही आईच्या लेकरावर ती वेळ येऊ नये, एवढीच श्रीगंगामाईच्या चरणी प्रार्थना.

— मंडळाची एक सभासद, राजापूर