रांगेचे गणित मांडणारा मास्तर

ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास फोनपाशी ताटकळण्याचे दिवस माझ्या पिढीने पाहिले आहेत. त्या ताटकळण्यालाही गणित असते, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पुढे संगणकाच्या चिप आखण्याचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याकडून आग्नर क्रारूप एर्लांग हे नाव ऐकले, त्यांची हकिगत वाचली आणि हसू मावळले.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर. मुलगा इतका हुशार की चौदाव्या वर्षीच कोपनहेगन विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली. १९०१ साली गणितात एम. ए. होऊन त्यांनीही मास्तरकीच धरली. गणित मंडळाच्या बैठकांत त्यांची ओळख कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते योहान येन्सेन यांच्याशी झाली आणि १९०८ साली ते त्या कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढचा पेच आपल्या घरातल्यासारखाच होता. पाहुणे किती नि कधी येणार ठाऊक नाही, मग भाकऱ्या किती थापायच्या? तारा कमी पडल्या तर गिऱ्हाईक ताटकळणार, जास्त घातल्या तर पैसा वाया जाणार. माणसे आपापल्या लहरीने फोन करत असली तरी एकूण फोनांना संभाव्यतेचा नियम लागू पडतो, हे एर्लांग यांनी १९०९ साली दाखवले. किती फोन लागणार नाहीत, किती थांबावे लागेल, हे आधीच सांगणारी सूत्रे त्यांनी १९१७ साली मांडली. ब्रिटिश टपाल खात्यानेही ती स्वीकारली.

पण ते नुसत्या कागदावर विसंबणारे नव्हते. केबलींतून गळणारी वीज मोजायला ते स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरत. मागे शिडी घेतलेला मदतनीस असे.

त्यांनी लग्न केले नाही. वीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नाही. १९२९ साली पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेले, ते परतले नाहीत. ३ फेब्रुवारीला, ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ साली टेलिफोन वाहतुकीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. एक तार तासभर अखंड गुंतली, की एक एर्लांग.

आता एकाच चिपवर कितीतरी प्रोसेसर असतात. त्यांचे निरोप चौकाचौकांतल्या इवल्या राउटरमधून जातात, वाट मोकळी नसेल तर रांगेत थांबतात. चिप एकदा घडली की तार वाढवता येत नाही. म्हणून भाचा आणि त्याचे सहकारी आधी रांगेच्या गणिताने अंदाज बांधतात. मात्र हे निरोप माणसांच्या फोनसारखे सुटे येत नाहीत, झुंडीने येतात. एका चौकातली कोंडी मागच्या चौकांत पसरते. तिथे सूत्र अपुरे पडते. मग सारी रहदारी संगणकात हुबेहूब चालवून, मोजून पाहावी लागते.

हल्ली फोन क्षणात लागतो. तेव्हा मला मॅनहोलमध्ये उतरणारा तो मास्तर आठवतो.