सेनापति अँड्र्यू जॅक्सन

मोठ्या निवडणुकीपूर्वीं लोकमताचा कौल घेऊन त्याचे आंकडे छापण्याची रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे. ही रीत अगदीं अलीकडची, असा पुष्कळांचा समज असतो; परंतु तो बरोबर नाहीं. अमेरिकेंतील डेलावेअर संस्थानांत विल्मिंग्टन म्हणून गांव आहे. तेथें १८२४ सालीं असा एक कौल घेण्यांत आला व त्याचे आंकडे हॅरिसबर्ग येथील एका वर्तमानपत्रानें २४ जुलै रोजीं प्रसिद्ध केले. अध्यक्षपदासाठीं चार उमेदवार होते. जॅक्सन यास ३३५, ॲडम्स यास १६९, क्ले यास १९ आणि क्रॉफर्ड यास अवघीं ९ मतें पडलीं होतीं. त्याच वर्षीं नॉर्थ कॅरोलायनांत लोकसेनेचे शिपाई कवाइतीसाठीं जमले कीं तेथेंही अशीच मतें मोजीत. ज्याच्या पारड्यांत शिपायांचीं व सामान्य जनांचीं मतें अशीं भराभर पडत होतीं, त्या जॅक्सनचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें असें आहे. तें सर्वच अनुकरणीय आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

अँड्र्यू जॅक्सन १५ मार्च १७६७ रोजीं दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरील रानवट प्रदेशांत जन्मला. आईबाप आयर्लंडमधून आलेले व गरीब. बाप तर मूल जन्मण्यापूर्वीं कांहीं आठवडेच वारला. पुढें स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें. त्यांत थोरला भाऊ गेला. तेरा वर्षांचा अँड्र्यू निरोप्या म्हणून सैन्याबरोबर हिंडूं लागला आणि १७८१ सालीं मधल्या भावासह इंग्रजांच्या हातीं सांपडला. एका अधिकाऱ्यानें त्यास आपले बूट पुसण्याचा हुकूम केला. मुलानें तो मानला नाहीं. अधिकाऱ्यानें तरवार उगारली; मुलानें डावा हात आडवा केला. हातावरचा व डोक्यावरचा तो व्रण जन्मभर राहिला. तुरुंगांत दोघां भावांस देवी आल्या. मधला भाऊ दगावला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत चार्ल्सटन येथें आजारी कैद्यांची शुश्रूषा करितां करितां आईही गेली. चौदाव्या वर्षीं त्यास जगांत आपलें म्हणण्यासारखें जवळचें कोणी उरलें नाहीं.

पुढें तो कायदा शिकला आणि १७८८ सालीं टेनेसींतील नॅशव्हिल येथें वकिली करूं लागला. तेथेंच त्याची रेचल या स्त्रीशीं ओळख झाली. तिचा पहिला नवरा संशयी स्वभावाचा होता. त्यानें घटस्फोट घेतला अशी वार्ता आल्यावर या दोघांनीं लग्न केलें. परंतु घटस्फोट कायद्यानें पुरा झालाच नव्हता! तो १७९३ सालीं झाला, आणि १७९४ च्या जानेवारींत दोघांस पुन्हां लग्न लावावें लागलें. जॅक्सन स्वतः वकील. त्यानें कागदपत्र आधीं पाहिले असते तर बरें झालें असतें. या एका चुकीचा जाब पुढें सर्व राष्ट्रासमोर द्यावा लागला. तो मोठा तापटही होता. १८०६ सालीं डिकिन्सन नांवाच्या गृहस्थाशीं झालेल्या द्वंद्वयुद्धांत त्यानें प्रतिस्पर्ध्यास ठार केलें. स्वतःच्या छातींत शिरलेली गोळी मात्र कधींच निघाली नाहीं.

त्याची खरी कीर्ति शिपायांनीं केली. १८१३ सालीं तो टेनेसीचे स्वयंसेवक घेऊन नॅचेझपर्यंत गेला असतां, तेथेंच फौज मोडावी असा सरकारी हुकूम आला. घर शेंकडों मैल दूर, पुष्कळ जण आजारी, आणि हातीं पैसा नाहीं. जॅक्सननें हुकूम बाजूस ठेवला, स्वतःचे घोडे आजाऱ्यांस दिले, आणि आपण पायीं चालत सर्वांस घरीं आणलें. तेव्हांपासून शिपाई त्यास म्हातारा हिकरी म्हणूं लागले. हिकरी हें तिकडील झाड आपल्या बाभळीसारखेंच चिवट असतें.

पुढच्या वर्षीं, २७ मार्च १८१४ रोजीं, हॉर्सशू बेंड येथें क्रीक नांवाच्या रेड इंडियन जमातीशीं त्याची मोठी लढाई झाली. या लढाईंत शेंकडों चेरोकी इंडियन जॅक्सनच्या बाजूनें लढले. त्यांच्यांतील कांहीं जणांनीं नदींत उड्या टाकून पलीकडच्या होड्या पळवून आणल्या, आणि त्या होड्यांतून जाऊन शत्रूस पाठीमागून गांठलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

८ जानेवारी १८१५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्यानें इंग्रजांचा पूर्ण पराभव केला. इंग्रजांचे सुमारें दोन हजार लोक मारले गेले, जखमी झाले वा पकडले गेले. मुख्य रणांगणावर अमेरिकनांची हानि शंभरांच्या आंतच होती. वास्तविक तहावर सह्या २४ डिसेंबर रोजींच झाल्या होत्या, पण समुद्रापलीकडची ती बातमी अजून पोंचावयाची होती. देशांत एकच जयघोष झाला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत लोकसेनेंतील सहा शिपायांस बंड केल्याच्या आरोपावरून जॅक्सनच्या मंजुरीनें गोळ्या घालण्यांत आल्या. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

आतां १८२४ च्या निवडणुकीकडे वळूं. निर्वाचकांचीं मतें जॅक्सनला ९९, ॲडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१ व क्लेला ३७ मिळालीं. बहुमतास १३१ हवीं होतीं. विल्मिंग्टनच्या कौलांत जॅक्सन पहिला आला होता खरा. परंतु डेलावेअरमध्यें निर्वाचक विधिमंडळ निवडीत असे, आणि त्या संस्थानाचें एकही मत त्यास मिळालें नाहीं! कोणासच बहुमत नसल्यामुळें निवड प्रतिनिधिसभेकडे गेली. तेथें क्लेनें ॲडम्सला साह्य केलें, ९ फेब्रुवारी १८२५ रोजीं ॲडम्स अध्यक्ष झाला, आणि त्यानें क्लेला परराष्ट्रमंत्री नेमलें. हा उघड सौदा झाला अशी हांकाटी जॅक्सनच्या पक्षानें सुरू केली, ती चार वर्षें थांबली नाहीं.

१८२८ ची निवडणूक म्हणजे चिखलफेकच होती. फिलाडेल्फियाच्या जॉन बिन्स नांवाच्या संपादकानें काळ्या शवपेटिकांचीं चित्रें असलेलीं हस्तपत्रकें छापून त्या सहा शिपायांची हकीकत घरोघर पोंचविली. सिन्सिनाटीच्या एका संपादकानें रेचलच्या लग्नाचा प्रश्न उकरून काढला, आणि साठीकडे झुकलेल्या त्या भाविक स्त्रीस कुलटा ठरविलें. जॅक्सनचा पक्षही मागें नव्हता. ॲडम्सनें सरकारी पैशानें बिलियर्डचें टेबल घेतलें, रशियांत वकील असतां झारला एक तरुणी पुरविली, असे आरोप त्यांनीं बिनदिक्कत केले. ॲडम्ससारख्या विद्वान व सचोटीच्या पुरुषावर असे आरोप करणारांची आम्हांस लाज वाटते. शिपायांच्या गोळ्यांविषयीं मात्र जॅक्सनला प्रश्न विचारणें गैर नव्हतें. पण तो प्रश्न विचारणारांस उत्तर नको होतें, मतें हवीं होतीं. इकडे जॅक्सन १८२८ च्या जानेवारींत न्यू ऑर्लिन्सच्या विजयोत्सवास गेला; तेथें त्याचें थाटाचें स्वागत झालें, आणि गांवोगांव हिकरीचे खांब उभे राहिले.

जॅक्सनला १७८ व ॲडम्सला ८३ मतें मिळालीं. विजयाची वार्ता घरीं आली, आणि २२ डिसेंबर रोजीं रेचल हृदयविकारानें वारली. तिचा आजार जुना होता. परंतु निंदकांनींच तिचा जीव घेतला ही समजूत जॅक्सनच्या मनांतून कधींच गेली नाहीं. ४ मार्च १८२९ रोजीं शपथविधीनंतर अध्यक्षांच्या वाड्यांत लोकांची एवढी गर्दी लोटली कीं कांचसामान फुटलें व जॅक्सनला मागील बाजूनें बाहेर काढावें लागलें. दंडावर काळी फीत बांधलेला तो विधुर त्या आनंदोत्सवांत किती एकटा असेल!

त्याच्या आठ वर्षांच्या कारभाराचें वर्णन येथें करीत नाहीं. १८३२ सालीं स्वातंत्र्ययुद्धांतील जुन्या शिपायांस, सहा महिन्यांची चाकरी झालेल्यांसही, पेन्शन देणारा कायदा झाला, हें चांगलें झालें. पण त्यापूर्वीं, २८ मे १८३० रोजीं, इंडियनांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याच्या कायद्यावर त्यानें सही केली होती. प्रतिनिधिसभेंत तो कायदा १०२ विरुद्ध ९७ मतांनीं, म्हणजे केवळ पांच मतांनीं निभावला. ज्यांस हलवावयाचें होतें त्यांस मतच नव्हतें. स्त्रियांस नव्हतें, आणि जॅक्सनच्या हर्मिटेज येथील मळ्यावर राबणाऱ्या गुलामांसही नव्हतें. १८३८ सालीं, जॅक्सन निवृत्त झाल्यावर, सैन्यानें चेरोकी लोकांस घरांतून बाहेर काढलें. सुमारें सोळा हजारांपैकीं चार हजारांच्या आसपास माणसें छावण्यांत व वाटेवर मेलीं.

जॅक्सन ८ जून १८४५ रोजीं हर्मिटेज येथें वारला. त्यास रेचलच्या शेजारीं पुरलें आहे.

हॉर्सशू बेंडच्या लढाईंत त्याच्या बाजूनें लढलेला जुनालस्का नांवाचा एक चेरोकी वीर होता. १८३८ सालीं त्यासही हांकलून नेलें होतें. तो पुढें पायीं चालत आपल्या डोंगरांत परत आला. १८४७ सालीं नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळानें त्यास नागरिकत्व व थोडी जमीन दिली.